सासऱ्यांनी डोंगराला जेवायला बोलावलं

माझे सासरे परतूरचे. सगळा जन्म सपाट रानात गेला, त्यामुळं डोंगर दिसला की ते पोरासारखे होतात. गेल्या दिवाळीत ते आणि सासूबाई जालन्याला आमच्याकडं आले, तेव्हा त्यांना भोकरदनकडच्या एका तलावावर नेलं. पाणी काठोकाठ, पलीकडं अजिंठ्याचे डोंगर अजून हिरवे. बायको आणि सासूबाई सतरंजी अंथरून डबे उघडायला लागल्या.

मी सहज म्हणालो, "मामा, इथं आवाज घुमतो."

झालं! सासऱ्यांनी तोंडापाशी हात धरून आरोळी ठोकली, "ओऽऽ!" डोंगरानंही "ओऽऽ" केलं.

"बराबर माझ्यासारखाच आवाज!"

"तुमचाच हाय तो," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी डोंगराला रामराम घातला, पीकपाणी विचारलं आणि शेवटी ओरडले, "जेवायला याऽऽ!"

"याऽऽ," डोंगर म्हणाला. आणि जरा वेळानं, "आलो, आलो!"

सासरे माझ्याकडं बघायला लागले. "मी आलो म्हणलो का?"

"न्हाई."

"मंग कोण म्हणालं?"

पलीकडच्या काठावर बाभळीखाली एक कुटुंब बसलं होतं. ते उठलं. पुढं धोतरवाले आजोबा, मागं सुना, लेकरं. वरात काठाकाठानं निघाली.

"बाबा, येऊ नका म्हणून सांगा," बायको म्हणाली.

"बोलावून न्हाई म्हणू? बिलकुल न्हाई!"

सासूबाईंनी गपचूप भाकरीचे अर्धे केले, मग अर्ध्याचे चतकोर.

घामाघूम झालेले आजोबा पोचले. "पाव्हणं, वळखलं न्हाई तुम्हाला. पण इतकी जीव तोडून हाक मारली, मंग कसं न्हाई यायचं?"

सासरे गंभीरपणे म्हणाले, "म्हणलं, एकटं काय जेवायचं."

"एकटं?" सासूबाईंनी विचारलं.

पाहुण्यांच्या पिशवीतून पुरणपोळ्या निघाल्या, आणि सासूबाईंचा चेहरा बदलला. आमच्या ठेच्यानं आजोबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी ते "आणखी वाढा" म्हणत होते. चतकोरभर भाकरीवर मी इतका पोटभर कधी जेवलो नव्हतो.

उठताना आजोबा म्हणाले, "आता चहा आमच्याकडं."

त्यांचा स्टोव्ह पलीकडच्या काठावर होता. तेव्हा आम्ही सगळे भर उन्हात, भरल्या पोटानं, तलावाला वळसा घालून चहाला गेलो. तिथं बघतो तर दूध नासलेलं. सासऱ्यांनी कोरा चहा बशीत ओतला, फुर्र करून प्यायले आणि म्हणाले, "फस्क्लास!"