आत्याबाईंचे खाडे

आमच्या जिल्ह्यात गावांना नावं देणाऱ्याचा ‘प’वर फार जीव असावा. परभणी, पालम, पाथरी, पूर्णा आणि आमचं पेडगाव. एस.टी. स्टँडवर उभं राहा, ज्या त्या पाटीवर ‘प’ आहेच. या ‘प’नंच माझ्या सासूबाईंचा, भिवराबाईंचा, घात केला.

गावात तेव्हा साक्षरतेचे वर्ग नवेच सुरू झाले होते. आत्याबाई (सासूला मी हेच म्हणते) थोडे दिवस गेल्या, ‘प’ आणि काना शिकल्या आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्याच सुमाराला पालमला दिलेल्या आमच्या चांगुणावन्संना मुलगी झाली. बारशाला आत्याबाई एकट्याच निघाल्या. मी म्हटलं, “कुणाला तरी इचारून बसा.” तर म्हणाल्या, “मला काय अक्षर कळंना का?”

परभणीच्या स्टँडवर पाटीवर ‘पा’ दिसला, बसल्या. गाडी होती पाथरीची. कंडक्टर तिकीट फाडत त्यांच्यापाशी आला तोवर गाडी शहर सोडून लांब गेली होती. उतरून, परत येऊन, हातानं शिवलेलं झबलं-टोपडं घेऊन त्या पालमला पोचल्या, तेव्हा नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या घेऊन बायाही पांगल्या होत्या.

“आमच्या बाईला पा येतो, फुडचं येत न्हाई,” मामंजी, म्हणजे माझे सासरे, पारावर सांगत सुटले. गावाला तेवढंच पाहिजे होतं. मला मात्र त्यांचा असा राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या कालवणात मीठ जरा सढळ हातानं टाकलं.

आमच्याकडं पाडव्याला सालगड्यांची सालं ठरतात. या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत गड्यानं मालकाकडं राबायचं. मधे कामाला आला नाही ते दिवस म्हणजे खाडे, आणि खाडे भरून दिल्याशिवाय गडी सुटत नाही. मामंजी तरुणपणी सालानं राहिलेले. “माज्यावर कुनाचा एक खाडा न्हाई,” हे त्यांचं पालुपद.

त्या पाडव्याला गुढीला नैवेद्य दाखवला आणि आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आवंदा मी बी साल धरलंय. एक पुस्तक, पयल्या पानापासून शेवटापतोर, माजं मी वाचणार. तवर पालमची वाट धरणार न्हाई. नातीला भेटायचं ते पाटी वाचूनच.”

बाईचा हट्ट मला ठाऊक होता.

आत्याबाई पुन्हा वर्गाला जाऊ लागल्या. अक्षरं जुळायला लागली तशी वाचनालयातून मी मोठ्या अक्षरांचं पुस्तक आणून दिलं. दोन भाऊ विहीर खणतात, अशी गोष्ट. चुलीपाशी बसून त्या ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. जोडाक्षर आलं की चिडायच्या. “एकाच्या खांद्यावर दुसरं बसलंय, वळखावं तर कुनाला?” मी सांगायला गेले की, “तू गप. साल तुजं हाय का माजं?”

मग खुरपणी आली, कापूस वेचणी आली, थंडीत त्यांनी तापानं अंथरूण धरलं. पुस्तक फळीवर गेलं. पालमहून निरोप यायचे, पोर रांगायलीय, पोर उभी राहायलीय. आत्याबाई ऐकायच्या, डोळ्याला पदर लावायच्या आणि जायच्या नाहीत.

पुढचा पाडवा आला, तेव्हा गोष्टीतल्या विहिरीला अजून पाणी लागलं नव्हतं.

मामंजी विरघळले होते. “साल सरलं, आता सोड. चल, मीच नेतो तुला पालमला.”

“तुमी कवा खाडे ठिवून सुटलात का?” आत्याबाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंच्या वाटची शेरडं राखायला मामंजी स्वतः जाऊ लागले.

भर वैशाखात ओट्यावर बसून आत्याबाईंनी शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. पुस्तक मिटलं. “लागलं गं बाई पाणी,” म्हणाल्या आणि हुंदका देऊन रडल्या. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परभणीच्या स्टँडवर. मला तोंड उघडायची बंदी. एक गाडी आली. आत्याबाई पाटीसमोर उभ्या राहिल्या, ओठ हलले. “पा... थ... री. जा बाई तू तुज्या वाटंनं.” मग दुसरी आली. “पा, ल, म,” म्हणाल्या आणि कुणाला न विचारता चढल्या.

गाडी पालमकडं, गंगाखेडच्या रस्त्याला लागली. मी म्हटलं, “आत्याबाई, खाडे फिटले तुमचे.”

“माजे फिटले,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “सरजे, तू तर सातवी पास. लगीन झाल्यापासून किती पुस्तकं वाचलीस?”

घरात पुस्तक आणलं मीच, पण ते त्यांच्यासाठी. मी म्हटलं, “कामातून सवड कुठं होती?”

“म्हंजे समदे खाडेच की.” त्यांनी पिशवीतून विहिरीचं पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. “पाडव्याची वाट बघू नको. पालम यायला टाईम हाय. कर सुरू.”