न्हाणीच्या दाराआड

दिवाळीचे पाहुणे गेले, की शिल्पाचं लातूरचं दोन खोल्यांचं घर एकदम ऐसपैस वाटायचं. गाद्या घडी होऊन माळ्यावर जायच्या, फरशी दिसायला लागायची, आणि एक दिवस ती नुसता चहा पीत बसायची. यंदा फरशी दिसली तेव्हा तिला रडू फुटलं. पाहुण्यांबरोबर तिची लेकही गेली होती.

शिवांगीला तीन वर्षं पुरी होत आली होती, तरी ती आईच्या अंगावर प्यायची. त्यात हरिओम झाला, आणि एका मांडीवर हा, दुसऱ्या मांडीवर ती, असं सुरू झालं. घरात नवरा-बायको दोघंच असताना याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण दिवाळीला उदगीरहून सासू शरणम्मा आली, मुरुडची नणंद तीन पोरं घेऊन आली, आणि शिल्पा करंज्या भरता भरता पदराखाली एवढी मोठी पोर घेऊन बसते हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. लसीच्या वेळी हरिओमचं वजन भरलं नव्हतं, हेही नेमकं नवऱ्याच्या, श्रीशैलच्या तोंडून सगळ्यांसमोर निघून गेलं.

"बाळाच्या तोंडचं ही पिऊन राहिली की वो वहिनी," नणंद म्हणाली. "उद्या बोहल्यावर बसून मागंल."

सगळे हसले. काही न कळता शिवांगीही हसली.

आधी छातीला कोरफड लावून झाली. शिवांगीनं तोंड कडवट केलं, थुंकली, मग आईकडे बघून म्हणाली, बाऊ झाला का? फ्रॉकच्या टोकानं तिनं ते हळूच पुसलं, फुंकर घातली आणि पुन्हा प्यायला लागली. शिल्पानं तिला आणखी जवळ घेतलं. शरणम्मानं मात्र मान हलवली. तिचं म्हणणं, दूध तोडायचं तर लेकरू आईपासूनच तोडावं लागतं. ती नातीला उदगीरला नेणार होती. विसरेपर्यंत आईनं तोंड दाखवायचं नाही, फोनवर आवाजही ऐकू द्यायचा नाही. आवाज ऐकला की लेकरू परत हट्ट धरतं. सासूनं स्वतःच्या सगळ्या लेकरांचं असंच केलं होतं, नणंदेनंही. शिल्पा बी.ए. झालेली, पण याला काय म्हणावं ते तिला सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या गर्दीत तिची झोप इतकी तुटली होती, की एक लेकरू काही दिवस कमी होईल या विचारानं तिला घटकाभर बरंच वाटलं होतं.

निघायच्या सकाळी दारात जीप लागली. लेकरानं आईला बघितलं की आकांत करेल, म्हणून शिल्पानं न्हाणीत जाऊन उभं राहायचं असं ठरलं. न्हाणीचं पत्र्याचं दार खालून गंजून गेलेलं, कडीही लागत नव्हती. आतून धरून ठेवावं लागायचं. शिल्पानं ते धरलं. बाहेर पिशव्या उचलल्या गेल्या, फराळाचे डबे निघाले. चपला घालताना शिवांगीनं आई कुठाय म्हणून विचारलं. दुकानात गेली, असं कुणीतरी सांगितलं. मग हाक आली. आधी खोलीतून, मग स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, मग अगदी जवळ. "आई." शिल्पानं पदराचा बोळा तोंडात धरला. जवळची हाक जरा वेळ थांबली. मग पावलं परत फिरली, आणि जीप सुरू झाली.

पुढे शिल्पाच्या वाट्याला आले ते दिराच्या मोबाइलवरून येणारे फोटो. शिवांगी भाकरी खाताना, शिवांगी शेळीपाशी, शिवांगी आजीच्या कुशीत. लेकीची प्यायची वेळ झाली की शिल्पाचा ब्लाउज भिजायचा. तिनं एकदा फोन लावलाच. शरणम्मा म्हणाली, लेकरू आता नावही काढीना गेलंय, तू कशाला उकरून काढतीस? शिल्पानं फोन ठेवला. हरिओमचं अंग भरत चाललं होतं. सगळ्यांच्या मते सगळं ठरल्यासारखं होत होतं.

येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं घर उदगीरच्या शेतात जमतं, तेव्हा लेकीला घेऊन जा, असा निरोप आला. कडब्याच्या खोपीपाशी पूजा झाली होती, भज्जी-भाकरीच्या पंगती बसल्या होत्या. शिल्पा बांधावरून जवळजवळ पळतच आली. शिवांगीनं तिला पाहिलं. पळत निघाली, आणि मधेच थांबली. मग वळून खोपीत गेली, दोन्ही हातांत आंबिलीचा पेला धरून आली, आणि शिल्पापुढे करून म्हणाली, "घ्या."

शरणम्माला कौतुक आवरेना. "बघ, आल्यागेल्याला कसं द्यायचं ते शिकली माझी बाय."

शिल्पानं पेला घेतला. लेक पेला परत न्यायला समोर उभी होती, म्हणून तिनं तो रिकामा केला.

शिवांगी लातूरला आली ती न रडता. एसटीत खिडकीशी बसली. घरी केळं हवं असलं तर विचारायची, मी घिऊ का? झोपायला भिंतीकडेला जायची, पाय पोटाशी घ्यायची. हरिओमला पाजायला शिल्पा बसली की ही आपण होऊन दुसऱ्या खोलीत जायची. आई म्हणून हाक तिनं एकदाही मारली नाही. काही लागलं तर समोर येऊन उभी राहायची. शेजारणी म्हणायच्या, लई शानी झाली पोरगी. अशी कुणाची होती?

शिल्पाला त्या शहाणपणाची भीती वाटायला लागली. तिनं लेकीला रंगीत खडू दिले, भिंतीवर काढ म्हणाली. शिवांगीनं कागद मागितला. तिनं मुद्दाम जेवणाला उशीर केला, की भूक भूक करून तरी अंगावर येईल. पोर ताटाजवळ गप बसून राहिली. शिल्पालाच स्वतःची लाज वाटली.

दालमिलमधून श्रीशैल आल्यावर तिनं त्याला सांगायचा प्रयत्न केला. तो दमलेला होता, पण वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच कळेना. "लेकरू हट्ट करंना गेलं म्हणून रडून राहिलीस?" त्यानं विचारलं. तिनं त्याचं ताट वाढलं.

एका दुपारी हरिओम झोपल्यावर तिनं दार लोटलं, शिवांगीला मांडीवर घेतलं, आणि सगळ्यांनी मिळून जे तोडलं होतं तेच तिच्यापुढे केलं. सासूला कळलं असतं तर काय झालं असतं, याचा तिनं विचारही केला नाही. शिवांगी बघत राहिली. मग तिनं शिल्पाचा पदर ओढून नीट झाकलं.

"बाळाचं हाय ते," ती म्हणाली, आणि मांडीवरून उतरली.

त्यानंतर शिल्पानं काही करून बघायचं सोडून दिलं. भाकरी थापताना मधेच हात थांबायचे, तव्यावरची करपायची. ही पोर आता अशीच मोठी होणार, घरात पाहुणी म्हणून वाढणार आणि एक दिवस पाहुणीसारखीच जाणार, असं तिच्या मनानं घेतलं.

मग एका सकाळी गाडेवाला दारावरून गेला. शिल्पा चार पावलं पुढे जाऊन कोथिंबीर घेऊन आली, तर शिवांगी घरात नाही. तिनं हाक मारली. पलंगाखाली बघितलं, पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं, आणि बंद केल्यावर पुन्हा उघडून बघितलं. गल्लीत गेली. टेम्पो पळतात त्या रस्त्यापर्यंत अनवाणी पळाली. उदगीरच्या बसला जायला निघाली असेल का? शेजारणीला विचारलं, तिनं पाहिली नव्हती. हाका मारून मारून घसा बसला. पुन्हा घरात येऊन ती भिंतीला टेकली, आणि न्हाणीच्या दाराखाली तिला दोन लहान पावलं दिसली.

तिनं दार ढकललं. आतून कुणीतरी ते धरलं होतं, लहानशा ताकदीनं. मग सोडलं. शिवांगी तोंडावर हात घट्ट दाबून उभी होती.

"अगं, किती हाका मारल्या मी. ओ द्यायची न्हाई का?"

शिवांगीनं हात काढला. "तू बी न्हाई दिलीस."

शिल्पा न्हाणीत आली.

"तुझी साडी दिसली व्हती," शिवांगीनं दाराखालच्या गंजलेल्या फटीकडे बोट केलं. "हिरवी."

म्हणजे ती जवळची हाक थांबली होती, ती याच्यासाठी. आई दुकानात गेली नव्हती, हे त्या सकाळी पोरीला ठाऊक होतं, आणि ते घेऊनच ती जीपमध्ये बसली होती. शिल्पाच्या तोंडाशी घरातली सगळी उत्तरं आली. तुला स्वप्न पडलं असंल. ती दुसरी कुणी असंल. ती ओल्या फरशीवर खाली बसली.

"हाव," ती म्हणाली. "मी इथंच व्हते. मला सगळं ऐकू येत व्हतं."

"मग?"

साडी भिजत होती. खोलीत हरिओम जागा झाला आणि रडायला लागला.

"बाळ रडून राहिलंय," शिवांगी म्हणाली, आणि सवयीनं बाजूला सरून तिनं आईला वाट करून दिली.

शिल्पा उठली नाही. हरिओमचा आवाज चढत गेला, तिचा ब्लाउज भिजला, तरी उठली नाही. शिवांगीनं एकदा खोलीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. जवळ काही आली नाही. तिनं पत्र्याचं दार पुढे लोटलं, त्याला पाठ लावली, आणि दोन्ही हात मागे नेऊन ते आतून धरून ठेवलं.