आत्याचं पडद्यावरचं बोट

कापड कारखान्यात आत्याला सगळे 'बोटवाल्या बाई' म्हणत. छत्तीस वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी बसली. डोळे खिडकीबाहेर, जीभ शेजारणीच्या चुगल्यांत आणि उजव्या हाताची तर्जनी कापडावर. तरी तुटका धागा तिच्या तावडीतून सुटत नसे. कुणी भिंग पुढे केलं की म्हणायची, "हातच्या काकणाला आरसा कशाला?" नव्या ताग्याला हात लावण्याआधी मात्र ती अंगठ्याने तर्जनी दोनदा चोळायची. आधीचं कापड बोटावरून पुसून टाकायचं, असं तिचं शास्त्र.

तिचा भाचा प्रयोगशाळेत कामाला होता. माणसाला स्पर्श कसा कळतो, ते तिथे कॉम्प्युटरवर मांडून बघत. त्याने आत्याचं बोट काचेवर दाबून घेतलं, कातडी किती ताणते, रेषा कुठे चपट्या होतात, सगळं मोजलं आणि पडद्यावर हुबेहूब तसंच बोट उभं केलं. त्याला हात नव्हता, नखही नव्हतं. "मेलं, नागडं दिसतंय!" आत्या म्हणाली. पण तिची नजर त्यावरून हटेना.

पुढच्या वर्षी ती आजारी पडली. औषधांनी जीव वाचला, बोटं मात्र बधिर झाली. काम सुटलं, ते तिने फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण यजमान गेल्यापासून ती रोज दुपारी त्यांच्या शर्टाची कॉलर चाचपत बसायची, आणि आता हाताला काहीच लागत नव्हतं. माणूस दुसऱ्यांदा गेला, असं तिला वाटलं. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

एका दुपारी ती तो शर्ट मांडीवर घेऊन बसली. सवयीने अंगठा तर्जनीवर दोनदा फिरवला. इतक्यात फोन वाजला.

"आत्या, आत्ता काय करत होतीस?" भाच्याचा आवाज भलताच हळू होता.

"काही नाही. का रे?"

"तुझं बोट... पडद्यावरचं. मी काहीच चालवलेलं नाही, तरी ते एका बाजूने चपटं झालं. दोनदा. मोजताना तुझी ती चोळायची सवय आत शिरली असेल. काढून टाकतो."

फोन कानाशी धरून तिने अंगठा पुन्हा फिरवला. या वेळी एकदाच.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "परत झालं. एकदाच झालं. आत्या, मला भीती वाटतेय, मी हे बंद करतो."

"बंद करशील तर याद राख!" ती ओरडली. मग बधिर तर्जनी तिने कॉलरवर ठेवली आणि सावकाश पुढे नेली. तिला काही लागलं नाही. "आता बघ. सांग मला काय लागतंय."

पलीकडे भाचा पडद्यावरच्या बोटाची कातडी कुठे ताणते, कुठे चपटी होते, ते वाचत गेला.

"सुती आहे," भाचा म्हणाला. "जुनं, मऊ. डावीकडे... थांब, इथे रफू आहे ना? बारीक. सात टाके."

तो शर्ट त्याने कधी पाहिलाही नव्हता. रफू तिनेच केलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

"आठ होते," आत्या रडत म्हणाली. "एक सुटला वाटतं. परत बघ बाळा, मी हळू फिरवते."