मोटरवाल्यांच्या चार वह्या : फलटण ते तासगाव

माझं आयुष्य बदललं ते मोटर रिवायंडिंगवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीत, चहा संपत आलेला असताना. अध्यक्षांनी विचारलं, "तासगावला कोण जाणार?" सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. माझा हात वर. शेजारी बसलेल्या मामांनी तो खाली ओढला, तर मी दुसरा वर केला.

काम काय ते सांगतो. विहिरीवरची किंवा बोअरची मोटर जळली की आमच्यासारखे लोक तिच्यात तांब्याची तार नव्याने भरतात. कुठल्या मोटरला कसली तार आणि किती टर्न, म्हणजे तारेचे वेढे, हे प्रत्येक मिस्त्रीच्या वहीत असतं, आणि ती वही तो देवालाही दाखवत नाही. संघटनेला अशा चार जुन्या मिस्त्रींच्या वह्या उतरवून सगळ्यांसाठी एक पुस्तक करायचं होतं. पगार नाही. पेट्रोल मिळणार.

आता हात का वर गेला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एका सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं आणि मामांच्या फलटणच्या दुकानात बसलो. वर्गातली स्नेहल डिग्री घेऊन तासगावला घरी गेली. जाताना म्हणाली, "एक तरी गोष्ट शेवटपर्यंत ने, मग माझ्याशी बोल." चौथी वही होती तिच्या वडिलांची, म्हणजे नानांची.

पहाटे निघालो. मोगराळे घाट सकाळी मोकळा असतो, फक्त वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याशी वाद घालू नका. मी घातला, वीस मिनिटं गेली. म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाजवळ गरम भजी खाल्ली आणि पहिल्या वहीवाल्या मिस्त्रींच्या, आण्णांच्या दुकानात शिरलो. आण्णांनी इतक्या सहज वही पुढे केली की मला माझ्या वक्तृत्वाचा अभिमान वाटला. सगळे आकडे उतरवून, टाटा करून निघालो.

आटपाडीपर्यंत दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा. तिथल्या मिस्त्रींनी माझी वही चाळली आणि पोट धरून हसले.

"आरं, हे आकडे सात-सात टर्न कमी लिवल्यात! या हिशोबानं भरलीस तर मोटर आठ दिवसांत जळंल."

"म्हणजे आण्णा खोटं बोलले?"

"बोलला कुठं? लिवलं. ही त्याची खोड. कुणी वही चोरली तरी फसावा म्हणून. आमी समदेच करतो की!"

डोकं सटकलं. गाडी उलटी वळवून पुन्हा म्हसवड. आण्णा भाकरी खात होते.

"आवं आण्णा, फसवलं तुमी मला!"

"तू इचारलंस काय, खोड कुठली म्हणून? बस. हात धू. खर्डा घे."

जेवण झाल्यावर त्यांनी एक जळकी मोटर माझ्यापुढे सरकवली. तीन तास तार ओढली, बोटं सोलली. शेवटी ते म्हणाले, "सात मिळव. जा आता."

मग रीतच समजली. आटपाडीला एक मोटर भरली, विट्याला दोन. दोन्हीकडे राहायला मिस्त्रींचंच घर, जेवायला त्यांच्यातलंच कालवण. लॉजचा खर्च शून्य. आटपाडीची खोड निघाली आकडे उलटे लिहिण्याची. विट्याच्या मिस्त्रींनी खोड तर सांगितलीच, वर निघताना विचारलं, "खोल बोअरच्या मोटरी येत्यात लय. धाडू का फलटणला?" कॉलेजात मला असं कुणी काही विचारलं नव्हतं.

तासगावच्या रस्त्याला द्राक्षबागा आणि बेदाण्याचा वास. नानांनी वही दिली, उतरवू दिली आणि माझी वही परत टेबलावर आदळली.

"झालं?"

"खोड राहिली, नाना. मोटर द्या, भरतो."

"अर्धवट इंजिनिअरच्या हातात माझी मोटर? खोड माझ्यासंगं जाईल."

"मग वही दिली कशाला, वजन करायला?"

"जा," नाना म्हणाले, आणि मी गेलो.

गाडीजवळ स्नेहल पाणी घेऊन आली. दोन वर्षांनी. मी पाणी सांडलं.

"बाबांची वही मीच लिहिते," ती हळूच म्हणाली. "आकड्यांत काय करायचं ते सांगू?"

एक शब्द, आणि काम पूर्ण. तिने सांगितलेली अट पूर्ण.

"नको. तिघांनी आपल्या तोंडानं सांगितली. तुझ्याकडून घेतली तर ती चोरी."

"मग अर्धवटच जाणार?"

"व्हय," म्हणालो. किक मारली. गाडी सुरू झाली नाही. पाच किका ती समोर उभी राहून बघत होती.

घरी येऊन चार दिवस झाले. पुस्तकात नानांचं पान कोरं आहे. पण विट्याच्या तीन मोटरी दुकानात आल्यात, आण्णा रोज संध्याकाळी फोन करून शिव्या देतात, आणि मी तीन तास न भांडता एका जागी बसू शकतो, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. तुमच्या धंद्याची संघटना असेल तर फुकटच्या कामाला हात वर करा. पुस्तकं मिळतातच, माणसं अशी मिळत नाहीत.

हे लिहीत होतो तेवढ्यात फोन वाजला. नाना.

"दाराआड हुतो मी. पोरीकडनं खोड घेतली असतीस तर पुन्ना उंबरा वलांडू दिला नसता."

"आणि आता?"

"दोन मोटरी पडल्यात. रविवारी ये. भर, मग सांगतो. आन् चहा ती करंल."

"नाना, आत्ता निघालो तर चालंल?"

"लय घाई हाय रं तुला!"

मामा मान वर करून म्हणाले, "आन् हितलं दुकान?"

"तुमी हाय की."

मामांनी तोंड उघडलं. काय बोलणार ते मला पाठ होतं. मी किल्ली उचलली, बाहेर आलो आणि मागे दार ओढून घेतलं.