मिश्रीची डबी

माझी आई मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून बोटानं दातांवर फिरवत गल्लीची खबर घ्यायची. आमच्याकडे, रहिमतपूरच्या बाजूला, तिच्या वयाच्या बायकांत हे काही जगावेगळं नव्हतं. मला मात्र त्या वासाची शिसारी होती. फौजेतून सुट्टीवर आलो की पहिलं भांडण मिश्रीवरून व्हायचं. ती म्हणायची, "तू तुजी बंदूक संबाळ, मी माजे दात संबाळती." सत्तरीतही ती उसाचं कांडं दातानं सोलायची आणि मुद्दाम माझ्यासमोर बसून सोलायची.

मी पेन्शनीत निघालो त्याच्या दुसऱ्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजत सगळं होतं, डावा हात तेवढा हलत होता. दवाखान्यातून घरी आणल्या आणल्या मी हुकूम काढला, मिश्री बंद. डबी माळ्यावर फेकली. वीस वर्षं चाललेलं भांडण मी समोरच्याची वाचा गेल्यावर जिंकलो. तेव्हा हे असं दिसलं नाही. तेव्हा वाटलं, आपण आईची सेवा करतोय.

सेवेत कसूर नव्हती. अंघोळ, केस, नखं, कूस बदलणं, सगळं घड्याळाप्रमाणं. दात कुणी घासायचे, हे मात्र घरात कुणालाच सुचलं नाही. तिचं तोंड ती मिश्रीनं साफ करायची, ती मिश्री मी काढून घेतली आणि त्या जागी काहीच दिलं नाही. ओलं फडकं फिरवायचो, तेही ओठांच्या बाहेरून.

काही महिन्यांनी तिचा डावा हात तोंडाकडं जायला लागला. पहिलं बोट ओठात घालायची, दातांवरून फिरवायची आणि माझ्याकडं बघायची. मिश्री लावतात तसंच अगदी. मी म्हणायचो, "आयं, बास. न्हाई मिळायची." आणि तिचा हात धरून गोधडीवर खाली दाबायचो. दिवसातून दहा वेळा ती हात उचलायची, दहा वेळा मी खाली दाबायचो.

बायको म्हणाली, "आवं, आत्या लय कासावीस हुत्यात. काय तरी सांगत्यात त्या."

"तलफ हाय ती. आपुआप सुटंल."

तलफ सुटली नाही, जेवण सुटलं. भाताचा घास गालात धरून ठेवायची आणि मग हळूच बाहेर ढकलायची. पुढं पुढं चमचा दिसला की मान फिरवायची. भावकीत बातमी गेली, म्हातारीनं अन्न सोडलं. माणसं येऊन पायाला हात लावून जाऊ लागली. मीही मनाची तयारी केली. आपल्या माणसाच्या मरणाची तयारी करणं सोपं वाटलं मला, पण त्याच्या तोंडात बॅटरी मारून बघणं सुचलं नाही.

ते बायकोला सुचलं. एका सकाळी तोंड पुसताना तिला उग्र वास आला, डावा गाल गरम लागला. तिनं गाल जरा दाबला तर आईच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी फौजेतही ऐकला नव्हता.

जीप करून साताऱ्याला नेलं. दातांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना एवढा अरुंद की खुर्चीत बसवून वर न्यायचा माझा बेत तिसऱ्याच पायरीला अडकला. शेवटी डॉक्टरीणबाईच खाली आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. जीपमध्ये वाकून, मोबाईलच्या उजेडात त्यांनी दोन बोटांनी ओठ वर केला. तीन दात मुळाशी किडलेले, हिरडीत पू झालेला.

"किती दिवसांपासून दुखतंय यांना?"

"काय म्हाईत. बोलता येत न्हाई तिला."

"बोलता येत नसेल. काही खूण करत होत्या का?"

 मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली माझी बायको म्हणाली, "करत हुत्या की. रोज करत हुत्या."

पुढचे दिवस या दवाखान्यातून त्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तिला नीट गिळता येत नाही, ठसका लागून पाणी छातीत जाईल, इथं दात काढणं धोक्याचं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, गोळी थांबवायची नाही. दोघंही बरोबर होते. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात भूल देऊन काढतील म्हणाले, तिथं नंबर लागेपर्यंत पातळ औषधं दिली. तोवर आई कण्हायची आणि मी उशाला बसायचो. आयुष्यभर हुकूम ऐकले नाहीतर दिले. इथं ऐकायलाही कुणी नव्हतं आणि द्यायलाही.

सांगलीला दात निघाले. घरी आणलं, सूज उतरली, पेज जायला लागली. मी मऊ ब्रश आणला, डॉक्टरीणबाईंकडून घासायला शिकलो. माळ्यावरची डबीही शोधून काढली, धुळीनं माखलेली. बायकोला म्हटलं, जरा तंबाखू भाज. ती माझ्याकडं बघत राहिली, पण तिनं भाजली. डबी भरून उशाशी ठेवली, शेजारी बॅटरी. ठरवलं, आता हात वर गेला की आधी बॅटरी लावून बघायचं, आणि आत काही नसलं तर लावू दे बापडीला चिमूटभर.

दोन महिने झाले. डबी उघडलेली नाही.

गेल्या आठवड्यापासून पेज परत ओठांतून बाहेर येते आहे. ब्रश नेला की दातखिळी बसल्यासारखं तोंड घट्ट मिटते. मी विचारतो, "आयं, कुठं दुखतंय? मिश्री पायजे का? बोट तरी लाव गं." ती माझ्याकडं बघते. डावा हात गोधडीवर पडून असतो, मी दाबून ठेवायचो त्याच जागी.

काल डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पहिलं तेच विचारलं, "काही खूण करतात का?"

म्हटलं, "न्हाई. आता करत न्हाई."