एमिने आबलाने आईला न्हाऊ घातलं

माझी आई गेली त्या सकाळी मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. तिला अखेरची आंघोळ कोण घालणार, याची भीती. आमच्यात बाईला बायकांनीच न्हाऊ घालायचं असतं, आणि त्यात एक तरी जाणती हवी. गावी, कराडला, अशा वेळी निरोपही धाडावा लागत नाही. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या आपणहून पाणी तापवायला घेतात. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, अठरा वर्षं काढूनही हक्काने हाक मारावी अशी एक बाई मला आठवेना. त्यात माझाही दोष होता, तो आधी कबूल करते.

आई कराडच्या मराठी शाळेत शिकवायची. सगळा गाव तिला मुल्लाबाई म्हणे. घरात आम्ही मराठीच बोलायचो. ती पाची वेळा नमाज पढायची, पाठ होतं तेवढं अरबीत म्हणायची आणि मग हात पसरून मराठीत मागायची, "अल्ला, लेकरांना नीट ठेव. कुणाचं वाईट करायची बुद्धी देऊ नको." यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. अमेरिकेत आल्यावर वाटायला लागलं. मराठी मंडळाच्या दिवाळीला गेलं की कुणीतरी कौतुकाने म्हणे, "तुमचं मराठी किती छान आहे हो." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं, तरी घरी येताना गाडीत ते वाक्य टोचत राहायचं. मशिदीत गेलं की एक बाई हमखास विचारत, "घरात उर्दू नाही? मग मुलीला दीन, आपला धर्म, शिकवता कशा?" दोन्हीकडे मी पाहुणी. मग दोन्हीकडचं जाणंच कमी केलं. नमाज सुटली नाही, पण दुआसाठी हात पसरले की कोणत्या भाषेत मागावं ते सुचेना. खरं सांगायचं तर पलीकडे कुणी ऐकतंय का, अशीही शंका यायची. आईला हे मी कधी बोलले नाही.

ती सहा महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे आली होती. शेजारच्या सुलभाकाकूंशी तिची गट्टी जमली. काकू नागपूरच्या, मुलाकडे राहतात. दोघी रोज तळ्याभोवती फेरी मारायच्या आणि शाळेतल्या मुलांच्या गोष्टी एकमेकींना सांगायच्या, कारण काकूही शिक्षिकाच. जानेवारीत आईला न्यूमोनिया झाला. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होती, पाचव्या दिवशी, गुरुवारी सकाळी गेली. जायच्या आदल्या दिवशी शुद्धीवर असताना म्हणाली, "माझं काही इथंच झालं तर इथंच ठेवा. कराडला न्यायची दगदग नको." मी तिला गप्प केलं. आता वाटतं, बोलू द्यायला हवं होतं.

रात्रभर बर्फाळ पाऊस पडला होता. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्यासारख्या दिसत होत्या आणि रस्त्यांवर गाड्या घसरत होत्या. माझ्या नवऱ्याने मशिदीत फोन केला. दफनाची सोय होत होती, पण बायकांना न्हाऊ घालणाऱ्या जवळपासच्या दोघींपैकी एक लेकीकडे टेक्सासला गेली होती आणि दुसरीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. इमामसाहेब म्हणाले, "शोधतो. पण रस्ते असे आहेत. तुम्ही मय्यत घेऊन या, अल्ला मार्ग काढेल." मला तेव्हा त्या वाक्याचा रागच आला.

मशिदीच्या मागे एक छोटी खोली आहे, टाइल्सची, मधे स्टीलचं लांब टेबल. आईला तिथे आणलं. दार लावून मी एकटी उभी राहिले. फोनवर कृती वाचायला घेतली, पण अक्षरं हलत होती. उजवी बाजू आधी, मग डावी, इतकंच डोक्यात राहिलं. आईच्या अंगावरची चादर सारखी करत मी मनात म्हटलं, मला जमणार नाही. कुणी असशील तर बघ. ती दुआ होती की तक्रार, मला माहीत नाही. मराठीत होती, एवढं नक्की.

थोड्या वेळाने दार वाजलं. बाहेर सत्तरीच्या घरातली एक ठेंगणी बाई उभी होती. फुलाफुलांचा स्कार्फ हनुवटीखाली बांधलेला, पायात पुरुषी बूट, हातात कापडाची मोठी पिशवी. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मी एमिने. तुर्क आहे. तुझी आई?" मी मान हलवली. तिने बूट काढले, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "चल."

नंतर कळलं ते असं. ती चाळीस मिनिटांवरच्या गावात राहते. कपडे अल्टर करायचं काम करायची, आता निवृत्त आहे. दर शुक्रवारी मशिदीला लागणारी कफनं कापून आणते. या वेळी शुक्रवारी रस्ते अजून बिघडतील असं ऐकलं म्हणून गुरुवारीच निघाली, आणि पोचल्यावर इमामसाहेबांकडून तिला आईचं कळलं. वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली, तेव्हा परत फिरावं असंही तिच्या मनात आलं होतं. ती का फिरली नाही, हे मी तिला विचारलं नाही. जे घडलं ते असं घडलं, इतकंच मी सांगू शकते.

तिने पाण्याची धार स्वतःच्या मनगटावर धरून बघितली, बाळाला न्हाऊ घालताना बघतात तशी. चादर जराही ढळू न देता खालून हात घालून ती आईला धुवत होती. घाई नव्हती. तिचं इंग्रजी मधेच संपायचं आणि ती तुर्कीत बोलायची. एकदा म्हणाली, "सबून." माझा हात आपसूक साबणाकडे गेला. शेवटच्या पाण्याच्या वेळी म्हणाली, "काफूर," आणि मी कापराची पुडी पुढे केली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती पहिल्यांदाच हसली.

आईचे केस धुताना मी हुंदके द्यायला लागले. एमिनेने हात थांबवला नाही. म्हणाली, "आई कुठली भाषा बोलायची?"

"मराठी."

"मग बोल तिच्याशी मराठीत. पाणी डोळ्यात जाणार नाही म्हणून सांग."

मी सांगितलं. डोळे मीट हं आई, केस धुतेय. एकदा बोलायला लागल्यावर थांबलेच नाही. माफी मागितली, गप्प केल्याबद्दल, आणि पुष्कळ काही. ती बाई तिच्या भाषेत पुटपुटत होती, मी माझ्या. आईच्या दोन वेण्या घालून आम्ही छातीवर ठेवल्या.

कफन नेसवून झालं तेव्हा बाहेर सुलभाकाकू आल्या होत्या. मुलाचा हात धरून बर्फावरून चालत, डोक्यावरून शाल घेऊन. दारातूनच म्हणाल्या, "मला बाईंना एकदा बघता येईल का गं? चालत नसेल तर राहू दे." त्या काय विचारतायत ते मी एमिनेला इंग्रजीत सांगितलं. एमिनेने मला विचारलं, "घरची आहे?"

"हो," मी म्हटलं.

ती बाजूला सरकली. काकू आत आल्या, आईच्या पायांशी वाकल्या, कफनावरून हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मी धास्तावून एमिनेकडे बघितलं. तिने खोलीतली एकुलती एक खुर्ची ओढून काकूंना बसायला दिली.

जनाज्याच्या, म्हणजे दफनाआधीच्या, नमाजेला वेळ होता. हॉलमध्ये कुणीतरी चहा आणून दिला. मी एमिनेला म्हटलं, मशिदीत मी फारशी येत नाही, आणि का ते सांगितलं.

"मी अमेरिकेत आले तेव्हा तुर्की बायकांच्या पिकनिकला गेले," ती म्हणाली. "एक म्हणाली, डोक्यावरचं काढ, आपण तुर्क आहोत, अरब नाही. मशिदीत आले तर दुसरी म्हणाली, तुझी नमाज तुर्कांसारखी आहे, उच्चार नीट शीक. वर्षभर घरात बसले."

"मग?"

"मग एक सोमाली बाई वारली. न्हाऊ घालायला माणूस कमी होतं, मला बोलावलं. माझ्या आईने शिकवलं होतं तसं मी केलं, तुर्कांसारखं." तिने चहाचा घोट घेतला. "तिने माझ्या उच्चारांची तक्रार केली नाही."

मला त्या दिवशी हसू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. तिने पिकनिक सोडली नाही आणि मशीदही सोडली नाही. तुर्क आधी की मुसलमान आधी, हा प्रश्न तिला लोकांनी इतक्यांदा विचारला असेल, पण ती त्याचं उत्तर देत बसली नव्हती. ती कफनं कापत होती, मय्यती धुवत होती. इतकं स्वच्छ मोठेपण मी फार थोड्या माणसांत बघितलं आहे.

आता मी तिला आबला म्हणते. तुर्कीत थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. तिच्याकडून मी हे काम शिकले. त्या गुरुवारी कोण यावं हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. असतं तर मी कराडची, आमच्या मोहल्ल्यातली कुणी मागितली असती. देणाऱ्याने तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठची शिंपीण पाठवली. त्यानंतर मी मागताना अटी घालणं सोडून दिलं. शंका अजूनही येतात. आल्या की मी हात पसरते आणि सुचेल ते मराठीत बोलते.

मागच्या महिन्यात आबलाचा फोन आला. एक बोस्नियन आजी गेल्या होत्या. नातेवाईक दूर, त्यांची भाषा येणारी बाई जवळपास नव्हती. मी मशिदीमागच्या खोलीत पोचले. आबलाचे गुडघे दुखत होते, ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आज तू." मी बाह्या वर केल्या. एवढ्या विश्वासाची मी कुठून झाले, असं मनात आलं आणि देणाऱ्याचे आभार मानले. चादर सारखी केली, पाणी कोमट झाल्याची खात्री केली. मग त्या अनोळखी म्हातारीच्या मानेखाली हात घालून म्हटलं, "आजी, डोकं जरा उचलते हं," आणि बिस्मिल्ला म्हणून पहिलं पाणी ओतलं.