सौद्यात बाई उभी राहत नाही

लातूरच्या एका दालमिलच्या मालकाने मला फसवलं. खरेदीदाराची जागा मला देतो म्हणाला आणि भाच्याला दिली. भाचा बारावी नापास. मी कृषी पदवीधर.

परीक्षा मालकानेच घेतली होती. टेबलावर तुरीच्या वाट्या मांडल्या. ओल किती, कीड किती, डाळ कशी पडेल, सांगा म्हणाला. मी एकेक दाणा दाताखाली फोडत सांगत गेले. मग त्याने मशीन लावून पाहिलं. एकही वाटी चुकली नव्हती. ओलीचं शास्त्र मी कॉलेजात शिकले, दाताचं मायकडून. माय मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सांडलेलं धान्य झाडून आणायची आणि दाणा चावून कोणता टिकेल ते सांगायची. भाचा तिथेच बसला होता. त्याने वाट्यांना हातही लावला नाही.

"सोमवारपासून या," मालक म्हणाला.

सोमवारी मोंढ्यात गेले. तुरीच्या ढिगाभोवती खरेदीदार गोल करून उभे राहतात आणि मोठ्याने भाव पुकारतात. तो सौदा. मी त्या गोलात शिरले.

"काय सेठ, आज घरची मानसं आनली का सौद्याला?" एक व्यापारी म्हणाला.

"बाईचा आवाज ढिगाच्या पल्याड जातोय व्हय?" दुसरा.

सगळे हसले. मालकही हसला. मग मला म्हणाला, "ताई, तुमी सावलीत बसा. नमुना बघा, भावाची चिठ्ठी लिहा. पुकारायचं भाचा बघंल. सौद्यात बाई उभी राहत न्हाई."

म्हणजे दात माझे, डोकं माझं, तोंड भाच्याचं. खरेदीदाराचा पगारही त्याचा. मला डाळ निवडणाऱ्या बायकांच्या मुकादमाचा. दोन हंगाम मी चिठ्ठ्या लिहिल्या. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची चीड अजून गेली नाही.

तिसऱ्या हंगामात मिलवर पाहुणे आले. भाचा त्यांना सांगत होता, "नुस्ता दाणा बघितला की वळखतो मी." माझ्याकडे बोट केलं. "ह्या ताई मी सांगतो ते उतरून घेतात."

त्या दिवशी पाहुणे सौदा बघायला मोंढ्यात आले, तेव्हा मी त्याच्या हातात कोरी चिठ्ठी दिली.

पाहुण्यांसमोर त्याला विचारताही येईना. त्याने ढिगावरचे दाणे ओंजळीत घेतले. वरची तूर उन्हाने कडक झालेली होती. ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. भाव पुकारला. ढीग त्यालाच सुटला. मिलवर पोती उघडली तेव्हा आतून वाफ आली आणि बुरशीचा वास.

मालक माझ्यावर ओरडला, "तुला कळलं होतं. सांगितलं का न्हाई?"

"मी तर उतरून घेनारी, सेठ."

"लई शिकलीस व्हय?"

"हाव. म्हनूनच चालले."

लातूरजवळच्या मुरुडला बायकांना जमवून डाळीची चक्की टाकली. खरेदीचा परवाना माझ्या नावावर काढला. आता मी रोज त्याच सौद्यात उभी राहते, मालकाच्या समोर. माझा आवाज ढिगाच्या पलीकडे जातो. दोन ढीग पलीकडे जातो.

परवा मालक गोड बोलायला आला. "ताई, परत या की. आता खरेदीवरच घेतो."

मी ओल बघत होते. हात ढिगातच ठेवला आणि सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं विचारलं, "सेठ, बिलोलीची एक पोरगी तुमच्याकडं हाय. एम.एस्सी. झालेली. ओल तपासायच्या कामावर घेतो म्हणून तिचीबी परीक्षा घेतली तुमी. पास झाली. मग ती बायकांत बसून डाळीतले खडे का निवडून राहिली?"

पुकारणारे थांबले. मालक मान घालून तुरीकडे बघू लागला.

"खाली बघू नका, सेठ. मला नोकरी नको. उत्तर द्या. तवर ह्या ढिगाचा सौदा होनार न्हाई."